रिकामं पाऊल

पाऊल टाकायला माणूस वर्षाचा असताना शिकतो आणि त्यानंतर साठेक वर्षं त्या पावलाकडे ढुंकूनही बघत नाही. पहिल्यांदा ते पडलं तेव्हा घरादारानं टाळ्या वाजवलेल्या असतात, पायांत वाळे असतात, पुढे कुणीतरी हात पसरून बसलेलं असतं. मग पाऊल आपलं आपण पडू लागतं आणि मन त्याच्यातून उठून दुसरीकडे निघून जातं. शाळेच्या वाटेनं, एसटीच्या फलाटावरून, काखेत मूल आणि हातात पिशवी घेऊन जिना चढताना, दवाखान्याच्या लांबच लांब बोळांतून ते निमूट पुढे जात राहतं, एक उचलतं आणि एक टेकतं, आपला सगळा भार लाखो वेळा इकडून तिकडे नेतं, आणि त्या नेण्याची खबरसुद्धा आपल्याला लागत नाही.

आत्ता या क्षणी मी कुठल्या पायावर उभी आहे?

मला हे पहिल्यांदा विचारलं गेलं सिंगापुरातल्या बिशान-आंग मो किओ पार्कमध्ये, आणि ज्यांनी विचारलं त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची. त्यांनी माझ्या उजव्या मांडीवर दोन बोटं टेकवली, मग डाव्या मांडीवर, आणि भुवया उंचावल्या. सांगता येईना. भार दोन्हींवर होता, म्हणजे एकावरही धड नव्हता. ताई ची या चिनी व्यायामात हा दोष मानतात, मोठा दोष, हे मला पुढे कळलं. दोन्ही पायांवर सारखा भार घेऊन उभा असलेला माणूस बाहेरून भक्कम दिसतो, पण त्याला चटकन कुठे हलता येत नाही. कुणी ढकललं तर तो ताठच्या ताठ कोसळतो. एक पाय भरलेला हवा, एक रिकामा. भरलेल्यावर उभं राहायचं आणि रिकाम्यानं पुढची जमीन चाचपायची.

लेकीकडे येऊन-जाऊन राहायला लागले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. इथे सकाळ बारा महिने साधारण सातलाच होते. विषुववृत्त जवळ, त्यामुळे दिवस उन्हाळ्यात ताणत नाही की हिवाळ्यात आक्रसत नाही. पहाट मात्र थोडक्यात आटोपते. आत्ता झाडांच्या जागी नुसते काळे ढीग होते, आणि कोपऱ्यावरून वळून येईतो त्यांना पानं फुटलेली असतात. हवा ओली, जड, इमारतीतून बाहेर पडताक्षणी अंगाला बिलगणारी. कोकीळ ऊर फुटेस्तोवर ओरडत असतो. तो अगदी आपल्याकडचाच, त्याच चढत्या सुराचा, फक्त इथे त्याला चैत्राची वाट बघावी लागत नाही, आणि त्याच्या आवाजानं झोपमोड झालेली माणसं त्याच्यावर कविता न करता तक्रार करतात.

पार्कातून कालांग नदी जाते. एके काळी इथे सिमेंटचा कालवा होता, सरळसोट, दोन्ही काठांना कठडा. २०१२ साली तो फोडून नदीला वळणं परत देण्यात आली. काठ मातीचे आणि गवताचे झाले, मध्ये दगड आले, दगडांमागे पाणी घुटमळायला लागलं, आणि मग कुणी न बोलावता पाणमांजरं आली. मला या सगळ्यात एक आकडा फार आवडतो. कालवा २.७ किलोमीटरचा होता. वळणं दिल्यावर नदी ३.२ किलोमीटरची झाली. सुरुवात आणि शेवट त्याच जागी. मधली नदी मात्र अर्धा किलोमीटर वाढली. लाओशींचे हात हवेतून जातात तेव्हा मला हे हटकून आठवतं, कारण त्या हातांनाही कुठे सरळ जाणं ठाऊक नाही. छातीपासून समोर जायचं तर ते आधी थोडं मागे येतात, खालून वळतात, कमरेच्या वळण्याची वाट पाहतात, आणि मग अशा सावकाश निघतात की एवढ्याशा हवेत इतका प्रवास होता हे बघणाऱ्याला खरं वाटू नये.

लाओशी म्हणजे आमच्या शिकवणाऱ्या बाई. सगळे त्यांना तेवढंच म्हणतात. वय पंचाहत्तरच्या पुढे असावं. केस आखूड, पांढरे. अंगात ढगळ सदरा, पायांत पातळ तळव्याचे काळे कापडी बूट. डाव्या मनगटात फिकट हिरव्या जेडचं कडं, जे हात बारीक झाल्यामुळे आता सैल झालंय. नदीकाठच्या रेन ट्रीखाली आम्ही पंधरा-वीस जण जमतो. रात्री मिटलेली त्या झाडाची पानं उजाडताना उघडत असतात आणि तोवर खालच्या गवतावर फिकं, पिठूर उजेडाचं जाळं पडायला लागतं. एक आजोबा छोटा स्पीकर आणतात. त्यातून बासरी ऐकू येते आणि एका बाईंचा आवाज प्रत्येक हालचालीचं नाव मंडारीनमध्ये सांगत जातो. पलीकडे पंखेवाल्या बायकांचा वेगळा गट असतो, लाल पंखे घेऊन. मधूनच सगळ्यांचे पंखे एकदम उघडतात आणि फाडकन आवाज होतो, तेवढ्यापुरते साळुंक्यांचे थवे उडतात, आणि पुन्हा बासरी.

सुरुवात अगदी साधी आहे. डावा पाय बाजूला, खांद्यांच्या रुंदीएवढा. गुडघे सैल. मग हात समोर वर येतात, पण ते उचलायचे नसतात. मनगटं आधी निघतात आणि बोटं त्यांच्यामागून लोंबत येतात. खांद्यांच्या उंचीला पोचल्यावर कोपरांना जडपणा येतो, तळवे खाली दबत जातात, त्यांच्याबरोबर गुडघे वाकतात आणि सगळा देह वीतभर खाली उतरतो. बस्स. पण लाओशींनी हे केलं की आसपासची हवा दाट झाल्याचा भास होतो. त्यांचे तळवे खरंच काहीतरी दाबत खाली येतात. आपण केलं की नुसते हात खाली येतात.

पुढे रानघोड्याची आयाळ दुभंगायची, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मग पांढरा करकोचा पंख उघडतो. उजवा हात कपाळाच्या बाजूला वर, डावा हात मांडीशी खाली, उजव्या पायावर सगळा भार, आणि डावा पाय पुढे नुसता टेकलेला, चवड्यावर, अगदी नावापुरता. लाओशींचा हात वर गेला की ते जेडचं कडं मनगटावरून कोपराकडे सरकतं. मी एक दिवस फक्त त्या कड्याकडेच बघत राहिले. हात वर जाताना ते खाली सरकलं, हात उतरला तेव्हा परत मनगटापाशी येऊन थांबलं, पुढे गुडघ्यावरून झाडल्यासारखा हात गेला तेव्हा हललं, वीणा धरताना स्थिर झालं. सबंध संचात त्याला एकदाही हिसका बसला नाही, ते एकदाही आपटलं नाही. सांधे, स्नायू, श्वास यांची जी काय कहाणी शास्त्रात लिहिलेली असेल ती त्या कड्याच्या सरकण्यात मला वाचता आली.

आणि तो टेकलेला डावा पाय. तो पूर्ण रिकामा आहे की नाही हे बघायची लाओशींची रीत अशी की त्या येतात आणि आपल्या बुटाच्या टोकानं तुमचा पाय हलकेच बाजूला सारतात. सरकला, तर ठीक. नाही सरकला, तर तुम्ही त्याच्यावर काहीतरी ठेवलंय. थोडं वजन, थोडी भीती, पडलोच तर असू दे म्हणून मागे ठेवलेली थोडी सोय.

माझा पाय पुष्कळ दिवस सरकला नाही.

बहीण चिपळूणहून व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “ताई, आपले सूर्यनमस्कार सोडून हे चिनी काय घेऊन बसलीस? आणि तू पाठवलेला व्हिडिओ स्लो मोशनमध्ये आहे का गं?” मी म्हटलं, “नाही गं बाई, तो तेवढाच सावकाश आहे.” तिला पटलं नाही. तिच्या शंकेत तथ्य आहे. घरचा योग असताना बाहेरचं कशाला, हे मलाही वाटून गेलं होतं. पण आसनात एका जागी पोचायचं असतं आणि तिथे राहायचं असतं. इथे राहायला जागाच नाही, एक आकृती पुरती होते न होते तोच ती पुढच्या आकृतीत विरत असते. आणि जाहिरातीत लिहितात त्या मनःशांतीबद्दल म्हणाल तर ती बरीच नंतर येते. आधी मांड्या भरून येतात. अर्धवट वाकलेल्या गुडघ्यांवर सहाएक मिनिटं राहणं, तेही एका वेळी एकाच पायावर, हे काही अंगाईगीत नाही. हळुवार आहे म्हणून सोपं असेल, असं समजून आलेल्या कितीतरी बायका आठवडाभरात दिसेनाशा झाल्या.

खरं तर हे सगळं लढणं आहे. हे ऐकलं तेव्हा मला गंमत वाटली होती. चीनच्या हेनान प्रांतात, पीत नदीपासून फार दूर नसलेल्या चेनच्यागोउ या गावात, मिंग राजवट कोसळली त्या सतराव्या शतकात, चेन वांगथिंग नावाच्या एका जुन्या लढवय्यानं याचा पाया घातला असं मानतात. पिढ्यान्‌पिढ्या ते चेन घराण्यातच राहिलं. मग यांग लूछान (१७९९–१८७२) यांनी ते त्या गावात राहून आत्मसात केलं आणि बीजिंगला नेलं. त्यांचे नातू यांग छंगफू यांनी त्यातल्या उड्या आणि झटके काढून ते रुंद, संथ, एकसारखं केलं. १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगानं त्यातल्या लांबलचक संचातून चोवीस हालचाली निवडून सर्वसामान्यांसाठी एक छोटा संच बांधला, आणि आज जगभरच्या बागांमध्ये सकाळी जे दिसतं ते बहुतेक ठिकाणी हेच. २०२० मध्ये युनेस्कोनं ताई चीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. एवढा इतिहास पुरे.

पण त्या चोवीसांतली वीणा मला सोडवत नाही. पीपा नावाचं चार तारांचं चिनी वाद्य आहे, ते उराशी उभं धरून वाजवतात. हालचालीचं नाव त्यावरून. डावा हात पुढे, उजवा त्याच्या कोपराशी, दोन्ही तळवे एकमेकांकडे वळलेले, डावी टाच हलकी टेकलेली. बघणाऱ्याला वाटावं, आता एक सूर निघेल. ही मुळात समोरच्याचा हात मनगटाशी आणि कोपराशी पकडून मोडायची युक्ती आहे. करकोच्याचे पंख म्हणजे वरून आलेला आणि खालून आलेला घाव एकाच वेळी बाजूला सारणं. गुडघ्यावरून फिरणारा तो मऊ हात लाथ झाडून टाकतो. प्रत्येक गोंडस नावाखाली एक मारामारी झोपलेली आहे, आणि आम्ही पंधरा-वीस म्हातारीकोतारी माणसं, गुडघ्यांना पट्टे बांधलेली, खिशात रक्तदाबाची गोळी ठेवलेली, सकाळी सकाळी त्या मारामारीच्या वरून अशी अलगद पाय टाकत जातो की तिला जाग येऊ नये.

लढाईतून शत्रू वजा केला की काय उरतं?

मी याचा पुष्कळ विचार केला. उरतो तो आपला भार. लढणाऱ्याला तो सांभाळावाच लागतो, कारण समोरचा त्याचाच फायदा घेणार असतो. समोरचा गेला तरी भार जात नाही. आणि आमच्या वयात समोर कुणी नसतंच तसं. हेवेदावे मिटलेले असतात, ज्यांच्याशी भांडायचं ती माणसं एकेक करून निघून गेलेली असतात. समोर असते फक्त जमीन. ती मुकाट्यानं वाट बघत असते, आणि तिला कसलीही घाई नसते.

माझी आजी राजापूरकडची. आमच्या घरापासून विहिरीपर्यंत चिऱ्यांची पाखाडी होती, उतरती, वळणाची, पावसाळाभर शेवाळानं काळीहिरवी झालेली. श्रावणात तिच्यावर बुळबुळीत साय धरायची. आम्ही पोरं धावायचो आणि ढुंगणावर आपटायचो; आजी कमरेवर भरलेली कळशी घेऊन चढायची. मी तिच्या मागून चालत असे, म्हणून मला तिचे पाय आठवतात, भेगाळलेल्या टाचा आणि रुंद पसरलेली बोटं. पाऊल टाकण्याआधी तिचा अंगठा चिऱ्यावर टेकायचा, जरासा फिरायचा, शेवाळाखालचा खडबडीत दगड शोधायचा. तोवर तिचा सगळा देह मागच्या पायावर थांबलेला असे, कळशीसकट. पाणी हलत नसे. मग अंगठ्याला जे काय कळायचं असेल ते कळलं की ती कळशीतून हंड्यात पाणी ओतावं तसा आपला भार मागच्या पायातून पुढच्या पायात ओतायची, न सांडता, न डचमळवता, आणि मागचा पाय रिकामा झाल्यावरच तो उचलायची. “जमिनीला विचारून पाय टाकावा गो,” म्हणायची. आम्हाला वाटायचं, म्हातारी झालीये.

तिनं कधी बीजिंग ऐकलं नव्हतं. करकोचा मात्र रोज करत होती.

ती पडली ती पाखाडीवर नाही. शेवटी शेवटी ती आमच्याकडे शहरात आली होती, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. तिथे न्हाणीघराबाहेर, कोरड्या, स्वच्छ, गुळगुळीत लादीवर तिचा पाय गेला. खुब्याचं हाड मोडलं. तिनं त्या लादीला काही विचारलं नव्हतं, कारण तिथे विचारण्यासारखं काही दिसतच नव्हतं. त्यानंतर ती खाटेवरून फारशी उठली नाही. खाटेवर पडल्या पडल्या तिच्या पायाचा अंगठा चादरीवर फिरत असायचा. तेव्हा मी तरुण होते, नोकरीची, घाईची. मला वाटलं, खाज येत असेल.

आमच्या गटात एक अंकल आहेत. इथे कुणीही वयानं मोठा दिसला की तो अंकल, बाई दिसली की आंटी. टॅक्सीवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळी नाती दोनच शब्दांत उरकतात. या अंकलना पार्किन्सन्स आहे. उजवा हात सारखा थरथरतो, आणि पाऊल उचलताना ते कधी कधी जागीच खिळतात, जणू गवतानं बूट धरून ठेवलेत. लाओशी त्यांच्या शेजारी उभ्या राहतात, किंचित पुढे, म्हणजे पडले तर धरता यावं. अशा रुग्णांवर अमेरिकेत ओरेगनमध्ये अभ्यास झाला होता. १९५ जण, चोवीस आठवडे, आठवड्यातून दोनदा वर्ग. २०१२ मध्ये तो न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. ताई ची करणाऱ्यांचा तोल बाकीच्यांपेक्षा चांगला राहिला आणि नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. हे मला जावयानं वाचून दाखवलं. मी ऐकून घेतलं, पण मला अंकलचे पाय आधीच दिसलेले होते. हात थरथरायचा तो थरथरतोच. ‘ढगांचे हात’ सुरू झाले की मात्र ते डावीकडे एकेक पाऊल सरकतात, एक पाय भरत, एक रिकामा करत, आणि ते सरकणं कुठे अडत नाही. थरथरणारा हात चेहऱ्यासमोरून ढगासारखा जातो. थरथरता ढग. जातो पण.

ढगांचे हात ही माझी सगळ्यात लाडकी हालचाल. एक हात चेहऱ्याच्या उंचीवरून, दुसरा पोटाच्या उंचीवरून, एकमेकांना न शिवता गोल फिरत राहतात, नजर वरच्या हाताबरोबर जाते, आणि कंबर सगळ्यांना घेऊन वळते. आधी मला हात दिसायचे. मग कंबर कळली. मग एका सकाळी, रात्री पाऊस पडून गेलेला, गवतातून ओल बुटांत झिरपत होती, नदी गढूळ आणि मोठी झाली होती, आणि झाडावरचं थांबलेलं पाणी अधूनमधून टपटपत होतं, त्या सकाळी डावीकडे सरकताना मला माझा भार जाताना कळला. तो उजव्या तळव्याच्या बाहेरच्या कडेनं निघाला, पोटरीतून वर आला, ओटीपोटातून आडवा गेला आणि डाव्या मांडीत उतरत उतरत टाचेत जाऊन बसला. इतका सावकाश, की मध्ये कुठेतरी असा एक क्षण आला जेव्हा तो कुठल्याच पायात नव्हता. मी दोघांच्या मधोमध होते. भीती वाटली नाही.

बाबांकडे उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांच्या ध्वनिमुद्रिका होत्या. अतिविलंबित झूमरा, चौदा मात्रा, आणि दोन मात्रांच्या मध्ये केवढं तरी आवार. लहानपणी मला ते सहन व्हायचं नाही. वाटायचं, तबलजी उठून गेला की काय, आता हे स्वर कशावर उभे राहणार. बाबा डोळे मिटून बसलेले असत आणि समेपाशी त्यांची मान हलकी झुके. तेवढ्यात पुढचा ठोका पडे आणि मला हुश्श होई. त्या मधल्या आवारात बाबा काय करत असतील, हे मला कधी विचारता आलं नाही. आता ते नाहीत. पण परवा एक टाच टेकली होती आणि चवडा अजून टेकायचा होता, आणि स्पीकरमधल्या बाईंनी पुढचं नाव उच्चारायला अजून अवकाश होता, तेव्हा मला वाटलं, बाबा असेच बसलेले असत. ठोक्याची वाट न बघता. ठोका येणारच असतो.

दुपारी लेकीच्या घरी मी आता उगाचच स्वयंपाकघरातून गॅलरीपर्यंत असं चालते. नातू मागून नक्कल करतो. त्याचे पाय अजून लहान आहेत आणि सगळा भार त्याच्या हसण्यात असतो, त्यामुळे तो दर वेळी पडतो, मुद्दाम, धप्पकन, आणि लगेच उठतो. त्याला बघताना कळतं की पडणं काही वाईट नसतं. वाईट आहे ते उठता न येणं.

संचाच्या शेवटाकडे साप खाली उतरतो आणि मग सुवर्ण कोंबडा एका पायावर उभा राहतो. दुसरा गुडघा वर, त्याच बाजूचा हात वर, कोपर गुडघ्याच्या रेषेत. आम्हा सगळ्यांचे कोंबडे डुलतात. कुणाचा पाय झटकन खाली येतो, कुणी शेजारणीचा दंड पकडतं, अंकल गुडघा फक्त चारेक बोटं वर करतात आणि लाओशी मान डोलावतात, तेवढा चालतो. लाओशी स्वतः उभ्या राहतात तेव्हा मात्र आजूबाजूच्या सगळ्या गोष्टी हलत असतात, नदी, पानं, पंखेवाल्या बायका, धावणारी मुलं, आणि मध्ये ती एक पातळ तळव्याच्या बुटातली बाई तेवढी नाही.

याच महिन्यात माझा डावा पाय एकदा सरकला. करकोच्याच्या वेळी लाओशी आल्या, त्यांनी बुटाचं टोक लावलं, आणि पाय गवतावरून बाजूला गेला, तोल जागच्या जागी राहिला. त्या काही बोलल्या नाहीत. पाय परत जागेवर सारून दुसऱ्या बाईंकडे गेल्या.

तोल तपासायचा तर डॉक्टरही त्या कोंबड्यासारखंच करायला लावतात, एका पायावर उभे राहा म्हणतात. त्यासाठी चोवीस हालचाली यायला हव्यात असं नाही, सिंगापूरही लागत नाही. तुमच्या घरात साठी ओलांडलेलं कुणी असेल तर त्यांना आज संध्याकाळी एवढं करायला सांगा, आणि त्यांना सांगण्याआधी स्वतः करून बघा. शेजारी धरायला खुर्ची ठेवा. जड, लाकडी असू द्या. प्लास्टिकची नको, ती माणसाबरोबर पडते.